राखणदार यंत्रणांचीच राखण

२०२५ या एका वर्षात ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि क्लाऊडफ्लेअर या चारही बड्या कंपन्यांच्या सेवा कोलमडल्या. प्रत्येक वेळी धक्का लागला तो बाहेरून नव्हे, तर या सेवा सांभाळण्यासाठीच उभारलेल्या स्वयंचलित यंत्रणांकडून. या यंत्रणांवर पंधरा वर्षे चाललेले संशोधन नेमके कोणत्या प्रश्नांच्या मागे होते, हे तपासण्याची वेळ त्यामुळे आली आहे.

२० ऑक्टोबर २०२५. महाराष्ट्रात नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून घरोघर दुपारच्या जेवणाची तयारी सुरू होती, तेव्हा अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात पहाटेचे पावणेतीन वाजले होते. भारतीय वेळेनुसार दुपारी १२ वाजून १८ मिनिटांनी तेथील ॲमेझॉनच्या संगणक-केंद्रांमधील 'डायनॅमोडीबी' ही माहिती साठवणारी सेवा एकाएकी कोणालाच सापडेनाशी झाली. सेवा चालू होती, तिच्यातील माहिती सुरक्षित होती, वीज होती, तारा शाबूत होत्या. फक्त तिचा पत्ता पुसला गेला होता. पाहता पाहता सिग्नल, स्नॅपचॅट, रोब्लॉक्स बंद पडले. ब्रिटनमधील लॉइड्स बँकेच्या ग्राहकांना खाती दिसेनाशी झाली, त्या देशाच्या करखात्याचे संकेतस्थळही अडखळले. सर्व काही पूर्वपदावर येण्यास सुमारे १५ तास लागले.

एवढी मोठी पडझड झाली की पहिला संशय हल्लेखोरांवर जातो. येथे हल्लेखोर नव्हता. ॲमेझॉनने काही दिवसांतच सविस्तर घटनोत्तर अहवाल प्रसिद्ध केला आणि त्यातून जे समोर आले ते हल्ल्याहून अधिक विचार करायला लावणारे आहे. महाजालावरील प्रत्येक सेवेला एक नाव असते आणि त्या नावामागे अंकांत लिहिलेला पत्ता असतो. नावावरून पत्ता सांगणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. डायनॅमोडीबीसारख्या अवाढव्य सेवेचे पत्ते दर क्षणाला बदलत असतात. कारण तिचा भार हजारो यंत्रांवर वाटायचा असतो. हे काम माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून ॲमेझॉनने ते दोन स्वयंचलित घटकांकडे सोपवले होते. एक घटक पत्त्यांची योजना आखतो, दुसरा ती अमलात आणतो. अंमलबजावणी करणारा अडला तर काम थांबू नये म्हणून त्याच्या तीन स्वतंत्र प्रती तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या.

एखाद्या रेल्वे स्थानकावर गाड्यांचे फलक बदलणारे तीन कर्मचारी आहेत, अशी कल्पना करावी. त्यांच्यातील एकाला काही कारणाने फार उशीर झाला. दरम्यान दुसऱ्याने नवे वेळापत्रक फलकावर लावले आणि नेमून दिलेल्या शिरस्त्याप्रमाणे जुने कागद फाडायला घेतले. त्याच वेळी उशीर झालेला पहिला कर्मचारी धावत आला आणि हातातले जुने वेळापत्रक त्याने नव्याच्या जागी डकवून दिले. पुढच्या क्षणी दुसऱ्याने ते 'जुने' म्हणून फाडले. फलक कोरा राहिला. ॲमेझॉनच्या बाबतीत घडले ते हेच. शिवाय या गोंधळात नोंदींची अवस्था अशी झाली की तिघांपैकी कोणालाच नवी योजना लावता येईना. अखेर अभियंत्यांनी हाताने दुरुस्ती केली. दोघांनीही आपापले काम नियमाप्रमाणेच केले होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. चूक होती ती दोन नियमांच्या मधल्या फटीत.

दुपारी २ वाजून ५५ मिनिटांनी, म्हणजे अडीच तासांनंतर, पत्ता परत आला. मग उरलेले बारा तास कशात गेले? भाड्याने संगणक देणारी ॲमेझॉनची 'ईसीटू' ही सेवा आपल्या ताब्यातील यंत्रांशी ठरावीक वेळाने संपर्क साधून त्यांचे जणू भाडेपट्टे नूतनीकृत करत असते आणि त्यासाठी ती डायनॅमोडीबीवर अवलंबून असते. अडीच तासांत असंख्य पट्टे संपले होते. पत्ता परत येताच सर्वांचे नूतनीकरण एकदम सुरू झाले. रांग इतकी लांबली की पुढच्याचे काम होईपर्यंत मागच्याची मुदत संपे आणि तो पुन्हा रांगेत येई. यंत्रणा अहोरात्र राबत होती आणि पुढे मात्र काहीच सरकत नव्हते. अशा अवस्थेतून बाहेर पडण्याची ठरलेली कार्यपद्धती उपलब्ध नव्हती, असे अहवालातच नमूद आहे. ईसीटू पूर्णपणे सावरली तेव्हा भारतात लक्ष्मीपूजनाचा दिवस उजाडला होता.

ही एकच घटना असती तर अपघात म्हणून सोडून देता आली असती. पण त्या वर्षाचा पट पाहिला तर वेगळे चित्र दिसते. १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाऊडच्या सेवा जगभर बंद पडल्या. ग्राहकांच्या वापरमर्यादा तपासणाऱ्या एका घटकात मे महिन्याच्या अखेरीस नवी आज्ञावली घालण्यात आली होती. तीत चूक हाताळण्याची सोय नव्हती आणि ती टप्प्याटप्प्याने चालू-बंद करण्याची कळही नव्हती. काही रकाने कोरे असलेली एक नोंद तिच्यापुढे आली, काही सेकंदांत ती जगभर पोहोचली आणि सर्वत्र तो घटक कोसळला. २९ ऑक्टोबर रोजी मायक्रोसॉफ्टच्या 'अझ्युअर फ्रंट डोअर' या सेवेत एक चुकीचा कॉन्फिगरेशन बदल गेला. तो अडवण्यासाठी असलेल्या पडताळणीतच दोष होता, त्यामुळे तो अडला नाही. अलास्का एअरलाइन्सच्या प्रवाशांना त्याचा फटका बसला. १८ नोव्हेंबर रोजी पाळी क्लाऊडफ्लेअरची. माहितीकोशाच्या परवानग्यांत केलेल्या बदलामुळे एका फाइलमध्ये ओळी दुप्पट झाल्या. ती वाचणाऱ्या आज्ञावलीची मर्यादा २०० बाबींची होती. ती ओलांडताच आज्ञावली बंद पडली. कंपनीच्या अभियंत्यांना सुरुवातीला हा मोठा हल्लाच वाटला होता. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ५ डिसेंबरला याच कंपनीतील आणखी एका कॉन्फिगरेशन बदलाने सुमारे २५ मिनिटे सेवा खंडित झाली. भारतात तो शेअर बाजाराच्या व्यवहाराचा वेळ होता आणि समभाग दलाली करणाऱ्या कंपन्यांच्या ॲप्सवर गुंतवणूकदार हात चोळत बसले होते.

चारही कंपन्यांच्या कहाण्यांत एक समान सूत्र आहे. मूळ सेवा नव्हे, तर सेवेला चालवणारी, वळवणारी, तिच्यात बदल पोहोचवणारी यंत्रणा घसरली. आणि ही यंत्रणा जितकी वेगवान, तितकी चूक सर्वदूर जाण्याचा वेगही अधिक.

ही यंत्रणा आली कोठून, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पूर्वी संगणक कंपन्यांत आज्ञावली लिहिणारे एका खोलीत आणि ती चालवणारे दुसऱ्या खोलीत बसत. लिहिणाऱ्याला बदल हवा असे, चालवणाऱ्याला स्थैर्य. सहा महिन्यांनी एकदा नवी आवृत्ती भिंतीवरून पलीकडे फेकली जाई आणि मग दोन्ही खोल्यांत एकमेकांवर खापर फोडण्याचा कार्यक्रम चाले. ॲमेझॉनचे मुख्य तंत्रज्ञ वर्नर व्होगेल्स यांनी २००६ मध्ये एका मुलाखतीत, जो बांधेल त्यानेच चालवावे, असा आपल्या कंपनीचा शिरस्ता सांगितला. जून २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळाच्या जॉन ऑल्सपॉ आणि पॉल हॅमंड यांनी आपण दिवसाला दहाहून अधिक वेळा नव्या आवृत्त्या सेवेत आणतो, असे जाहीर व्याख्यानात सांगितले, तेव्हा अनेकांना ती अतिशयोक्ती वाटली. त्याच वर्षी पॅट्रिक डेब्वा यांनी बेल्जियममधील गेंट येथे 'डेव्हऑप्स डेज' ही परिषद भरवली आणि या चळवळीला नाव मिळाले. विकसन आणि परिचालन या दोन शब्दांच्या इंग्रजी रूपांची ती जोड आहे.

नेटफ्लिक्सची गोष्ट याच सुमाराची. २००८ मध्ये माहितीकोश बिघडल्याने या कंपनीला तीन दिवस ग्राहकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. एका मोठ्या यंत्रावर सारा संसार ठेवण्याचा धोका तिने ओळखला आणि आपली प्रणाली शेकडो छोट्या सेवांत विभागून ॲमेझॉनच्या क्लाऊडवर नेली. ते स्थलांतर जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण झाले. या छोट्या सेवांनाच मायक्रोसर्व्हिस म्हणतात. तिकीट आरक्षणाचे उदाहरण घेतले तर आसने शोधणारी सेवा वेगळी, पैसे घेणारी वेगळी, संदेश पाठवणारी वेगळी. प्रत्येकीचा चमू वेगळा आणि प्रत्येकीच्या आवृत्त्या स्वतंत्र. त्याच्या पुढची पायरी सर्व्हरलेसची. नोव्हेंबर २०१४ मध्ये ॲमेझॉनने 'लॅम्डा' ही सेवा आणली. सर्व्हरलेस हे नाव फसवे आहे, सर्व्हर असतोच. पण तो वापरकर्त्याला बाळगावा लागत नाही. स्वतःची मोटार दारात उभी ठेवण्याऐवजी मीटरप्रमाणे रिक्षा करावी, तसा हा प्रकार. आज्ञावली जितके क्षण चालेल तितक्या क्षणांचे पैसे. रिक्षा येईपर्यंत नाक्यावर थांबावे लागते, तसे येथेही पहिल्या हाकेला थोडा उशीर होतो. संशोधकांनी त्याला थंड सुरुवात असे नाव दिले आहे.

सोय झाली, पण गुंतागुंत नाहीशी झाली नाही. ती सेवांच्या आतून निघून सेवांच्या मध्ये जाऊन बसली. उबर कंपनीने २०२० मध्ये आपल्याकडे सुमारे २,२०० मायक्रोसर्व्हिस असल्याचे सांगितले होते. एवढ्या सेवा कोणत्या यंत्रावर चालाव्यात, कोणी कोणाशी बोलावे, नवी आवृत्ती आधी कोणाला दाखवावी, हे सारे ठरवण्यासाठी साधनांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली कुबरनेटिस प्रणाली, त्याच वर्षी आलेले टेराफॉर्म, सेवांमधील संवादाचा मागोवा घेणारी साधने ही तिची ठळक नावे. टेराफॉर्मसारख्या साधनात पायाभूत व्यवस्थाच आज्ञावलीच्या रूपात लिहिली जाते. एका ओळीत शंभर यंत्रे उभी राहतात. एका ओळीत ती नाहीशीही होतात.

विद्यापीठांचे लक्ष या सर्वाकडे होते का? होते, आणि भरपूर होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००९ मध्ये क्लाऊडवर आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्व्हरलेसवर लिहिलेले अहवाल या क्षेत्रात वारंवार आधाराला घेतले जातात. दुसऱ्या अहवालात सर्व्हरलेस हीच क्लाऊडची नित्याची पद्धत होईल, असे भाकीत आहे. गंमत अशी की, त्याच्या महिनाभर आधी त्याच विद्यापीठातील जोसेफ हेलरस्टीन आणि सहकाऱ्यांनी सर्व्हरलेस म्हणजे एक पाऊल पुढे आणि दोन पावले मागे, असा शोधनिबंध मांडला होता. माहितीपर्यंत आज्ञावली नेण्याऐवजी माहितीलाच दरवेळी आज्ञावलीकडे ओढत आणावे लागते, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तो खोटा नव्हता याचा दाखला खुद्द ॲमेझॉनच्याच घरात मिळाला. प्राइम व्हिडिओच्या अभियंत्यांनी मार्च २०२३ मध्ये लिहिले, की चित्रफितींची गुणवत्ता तपासणारी आपली सर्व्हरलेस प्रणाली एका सलग आज्ञावलीत एकत्र केल्यावर त्या कामाचा खर्च ९० टक्क्यांहून अधिक घटला. चित्रांची ने-आण आणि टप्प्यागणिक लागणारे शुल्क हाच मुख्य खर्च होता. विकणाऱ्याच्याच कुटुंबातून आलेला हा कबुलीजबाब काही काळ चर्चेचा विषय झाला, मग नेहमीप्रमाणे विसरला गेला.

युरोपीय संघाने 'होरायझन २०२०' या संशोधन कार्यक्रमातून जानेवारी २०१९ मध्ये 'रेडॉन' हा प्रकल्प सुरू केला. लंडनचे इम्पीरियल कॉलेज, जर्मनीतील स्टुटगार्ट विद्यापीठ, एस्टोनियातील तार्तू विद्यापीठ आणि काही उद्योग त्यात होते. उद्देश असा, की मायक्रोसर्व्हिस आणि सर्व्हरलेस यांवर आधारलेल्या प्रणालीचा आराखडा आधी आकृतीच्या रूपात मांडावा, त्याची विभागणी कशी करावी हे गणिताने ठरवावे, दोष आधीच हेरावेत आणि एकाच कंपनीच्या क्लाऊडशी बांधून न घेता ती कोठेही उभारता यावी. त्यासाठी 'टोस्का' या खुल्या मानकाचा आधार घेण्यात आला. कल्पना उत्तम होती. पण उद्योगात चाल राहिली ती टेराफॉर्मसारख्या साधनांची, आणि त्याचा परवाना मालक कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये बदलला, तेव्हा खुल्या मानकाची गरज किती खरी होती हे उद्योगाला कळले. मग घाईघाईने 'ओपनटोफू' नावाची वेगळी चूल मांडावी लागली. ज्या प्रश्नाचे उत्तर संशोधकांनी आधी लिहून ठेवले होते, तो प्रश्न उद्योगाला चार वर्षांनी पडला.

याच्या उलटही घडले आहे. संशोधनाचा मोठा भाग वेग आणि खर्च या दोन गोष्टींभोवती फिरत राहिला. थंड सुरुवात किती मिलिसेकंदांनी घटवता येईल, यावर शोधनिबंधांची रास पडली. मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०२० मध्ये अझ्युअरवरील प्रत्यक्ष वापराचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ८१ टक्के प्रणालींना सरासरी मिनिटाला एकदा किंवा त्याहूनही कमी वेळा हाक मारली जाते, असे आढळले. ९९.६ टक्के हाका उरलेल्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी प्रणालींच्या होत्या. या आकड्यांचे मोल मोठे आहे, कारण त्याआधी संशोधक बहुतांशी अंदाजावर चालत होते. मात्र ही प्रणाली कोसळते कशी, याची तितकीच बारकाईने मोजणी फार थोड्यांनी केली.

ज्यांनी केली, त्यांचे निष्कर्ष आज वाचताना अस्वस्थ व्हायला होते. टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ मध्ये पाच नामांकित वितरित प्रणालींतील १९८ बिघाड तपासले. त्यांतील सर्वनाशी बिघाडांपैकी ९२ टक्के बिघाडांचे मूळ एकच होते: प्रणालीने चुकीची सूचना स्वतःहून स्पष्टपणे दिली होती, पण ती हाताळणारी आज्ञावली सदोष होती किंवा नव्हतीच. गूगलचा जून २०२५ चा प्रकार या चौकटीत नेमका बसतो. नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठाच्या अकोंद रहमान आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये पायाभूत व्यवस्था लिहिणाऱ्या १५,२३२ आज्ञावल्या चाळल्या, तेव्हा सुरक्षेच्या दृष्टीने संशयास्पद अशा २१,२०१ जागा सापडल्या; १,३२६ ठिकाणी तर संकेतशब्द सरळ मजकुरातच लिहिलेला होता. घराची किल्ली दारालाच अडकवून ठेवावी, तसेच हे.

२०२१ आणि २०२२ मध्ये आणखी एक महत्त्वाचे काम झाले. मूळ कारण दूर झाल्यावरही प्रणाली स्वतःच्याच ओझ्याखाली दबलेली राहते, अशा बिघाडांना संशोधकांनी 'मेटास्टेबल' हे नाव दिले आणि ॲमेझॉनच्या दशकभरातील १५ मोठ्या घटनांपैकी किमान ४ या जातीच्या असल्याचे दाखवले. भाडेपट्ट्यांची ती न सरकणारी रांग म्हणजे याचाच नमुना. तीन वर्षांपूर्वी ज्याचे वर्णन छापून आले, त्यातून बाहेर पडण्याची कार्यपद्धती २०२५ मध्ये तयार नसावी, हा ज्ञानाचा अभाव म्हणता येणार नाही.

ॲमेझॉन याबाबतीत अडाणी होती असेही नाही. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी विकसित केलेल्या 'टीएलए प्लस' या गणिती भाषेने आपल्या प्रणालींची तपासणी करण्यास कंपनीने २०११ पासूनच सुरुवात केली होती. २०१५ मध्ये तिच्या अभियंत्यांनी लिहिलेल्या लेखात डायनॅमोडीबीचाच दाखला आहे: माहितीच्या प्रती ठेवण्याच्या पद्धतीत असा एक दोष सापडला, की तो प्रकट होण्यासाठी किमान ३५ पायऱ्या विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत. माणसाच्या नजरेला तो कधीच दिसला नसता. म्हणजे तिजोरीची तपासणी गणिताने झाली होती. दहा वर्षांनी दगा दिला तो तिजोरीचा रस्ता दाखवणाऱ्या पाटीने. महत्त्वाचे काय आणि किरकोळ काय, याची विभागणी मनात आधीच झालेली असते, आणि देखभालीची साधने बहुधा किरकोळच्या बाजूला पडतात. प्रतिष्ठा, बढती आणि शोधनिबंध ही मूळ सेवेला मिळतात.

संशोधकांच्या अडचणीही मान्य केल्या पाहिजेत. बिघाडांची माहिती कंपन्यांच्या पोटात असते. शिकागो विद्यापीठाच्या हर्यादी गुनावी यांच्या चमूने २०१६ मध्ये ३२ क्लाऊड सेवांच्या ५९७ खंडितांचा अभ्यास केला, तो वृत्तपत्रांतील बातम्या आणि कंपन्यांनी स्वतः जाहीर केलेले अहवाल गोळा करून. मायक्रोसॉफ्टने आणि पुढे चीनच्या अलिबाबाने वापराच्या नोंदी संशोधकांसाठी खुल्या केल्या, पण त्या वापराच्या, पडझडीच्या नव्हेत. विमान कोसळले तर स्वतंत्र सरकारी यंत्रणा चौकशी करते आणि अहवाल जगासमोर येतो. क्लाऊड कोसळला तर जिची सेवा कोसळली तीच कंपनी अहवाल लिहिते, किती लिहायचे तेही तीच ठरवते. २०२५ मधील चारही कंपन्यांनी बरेच मोकळेपणाने लिहिले ही चांगली गोष्ट; तशी सक्ती मात्र कोणाची नाही.

भारतातील वाचकाला हा सारा परदेशी मामला वाटण्याचा संभव आहे. पण १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआयचे व्यवहार देशभर अडले, त्याचे कारण याच जातीचे होते. यूपीआय चालवणारे राष्ट्रीय देयक महामंडळ स्वतःच्या केंद्रांतून काम करते, परक्या क्लाऊडचा येथे संबंध नाही. काही बँकांच्या प्रणाली 'व्यवहार झाला का?' ही विचारणा, जुन्या व्यवहारांसाठीसुद्धा, पुन्हा पुन्हा पाठवत राहिल्या आणि त्या भडिमारात मुख्य यंत्रणा गुदमरली. उत्तर येत नाही म्हणून पुन्हा विचारायचे, पुन्हा विचारल्यामुळे उत्तर आणखी लांबायचे. महामंडळाने त्यानंतर पहिली विचारणा ९० सेकंदांनंतरच करावी आणि दोन तासांत ती तीनपेक्षा अधिक वेळा करू नये, असे बजावले. १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला ५० वेळाच शिल्लक पाहता येईल, अशी मर्यादाही आली. ज्या ऑगस्टमध्ये हे नियम लागू झाले त्याच महिन्यात यूपीआयने प्रथमच २,००० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला. भाजीवाल्याच्या गाडीवरील कागदी चौकोनामागे वितरित प्रणालीचे शास्त्र उभे आहे आणि त्या शास्त्रातील पाठ्यपुस्तकी चूक येथेही घडू शकते, हे त्या शनिवारी दिसले.

दुसरा धागा रोजगाराचा. मुंबईत ॲमेझॉनचे क्लाऊड-क्षेत्र २०१६ पासून आहे, पुण्यात मायक्रोसॉफ्टचे त्याच्याही आधीपासून. हिंजवडी आणि ऐरोलीतील असंख्य तरुण परदेशी बँकांच्या आणि दुकानांच्या प्रणाली रात्रीच्या पाळीत सांभाळतात. जो बांधेल त्यानेच चालवावे, हे तत्त्व त्यांच्यापर्यंत येईस्तोवर 'दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याच्या यंत्रावर चालणारे, चौथ्याने सांभाळावे' असे झालेले असते. मध्यरात्री वाजणारा भ्रमणध्वनी त्यांचा, निर्णयाचा अधिकार दूरच्या कार्यालयाचा. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्येच लिहून ठेवले आहे, की संस्था आपल्या संवादाच्या रचनेसारखीच प्रणाली घडवते. तुटक संवाद असलेल्या संस्थेची प्रणालीही सांध्यांतच तुटते.

नियामकांना याची जाग येऊ लागली आहे. रिझर्व्ह बँकेचे माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले आणि त्यांत क्लाऊडचा स्पष्ट समावेश आहे: काम बाहेर दिले तरी जबाबदारी बँकेचीच. युरोपीय संघ एक पाऊल पुढे गेला. वित्तीय क्षेत्राच्या डिजिटल कणखरपणाविषयीचा त्याचा कायदा १७ जानेवारी २०२५ पासून अमलात आला आणि १८ नोव्हेंबर रोजी, योगायोगाने क्लाऊडफ्लेअर कोसळली त्याच दिवशी, ज्यांच्यावर थेट देखरेख ठेवली जाईल अशा १९ अत्यावश्यक पुरवठादारांची यादी जाहीर झाली. तीत ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट यांच्या युरोपीय कंपन्या आहेत आणि मुंबईत मुख्यालय असलेली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसही आहे. तेथील बँकांना मोठ्या बिघाडांची माहिती नियामकांना देणे या कायद्याने बंधनकारक आहे. ती संशोधकांपर्यंत कितपत पोहोचेल, हा प्रश्न मात्र शिल्लक राहतो.

त्यातच आता आज्ञावली लिहिण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जाऊ लागले आहे. गूगलच्या छत्राखाली दरवर्षी होणाऱ्या 'डोरा' या डेव्हऑप्सविषयक पाहणीने २०२४ मध्ये नोंदवले, की कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर २५ टक्क्यांनी वाढला की नव्या आवृत्त्या सेवेत आणण्याचे स्थैर्य अंदाजे ७.२ टक्क्यांनी घटते. २०२५ च्या पाहणीत वेगाच्या बाबतीत चित्र सुधारले. स्थैर्याच्या बाबतीत सुधारले नाही. अधिक बदल, अधिक वेगाने, आणि ते पोहोचवणारी यंत्रणा तीच.

ऑक्टोबरच्या घटनेनंतर ॲमेझॉनने केलेली पहिली कृती या संदर्भात बोलकी आहे. डायनॅमोडीबीचे पत्ते आखणारी आणि लावणारी ती स्वयंचलित यंत्रणा कंपनीने जगभर बंद केली. दोन प्रक्रियांमधील ती शर्यत दूर करून, चुकीची योजना लावली जाऊ नये यासाठी जादा अटकाव बसवल्यावरच ती पुन्हा सुरू करण्यात येईल, असे अहवालात म्हटले आहे. भाडेपट्ट्यांची रांग सावरण्याची प्रक्रिया तपासण्यासाठी नव्या चाचण्या तयार करण्याचे आश्वासनही त्याच अहवालात आहे.